खालच्या कोपऱ्यातला दुभाषी

“मग माझं काहीच चुकलं नव्हतं?”

भाचीने हे विचारलं तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते. बाहेर पाऊस लागलेला, सिडकोतल्या आमच्या गल्लीतला एक दिवा गेलेला, आणि जेवणाच्या टेबलावर तिचा लॅपटॉप, दोन वह्या आणि निवून साय धरलेला चहा. दोन दिवस ती एकाच ओळीशी झुंजत होती. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लासलगावच्या कांद्याच्या भावांवर छोटासा प्रोजेक्ट घेतलाय. तारीख, आवक, किमान भाव, कमाल भाव अशी फाइल तिने कष्टाने जमवली होती. ती पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत उघडायची, आलेख काढायचा, बस्स. पण प्रोग्राम चालवला की पडद्यावर लाल अक्षरं यायची: ‘नो मॉड्यूल नेम्ड पांडाज’. पांडाज, म्हणजे असे तक्ते वाचायला पायथनला लागणारं तयार सामान, तर तिने स्वतः इन्स्टॉल केलं होतं. ‘सक्सेसफुली इन्स्टॉल्ड’ हे शब्द तिने डोळ्यांनी पाहिले होते, त्याचा फोटोसुद्धा काढून ठेवला होता. मग तिने प्रोग्राम पुसून पुन्हा लिहिला. एकदा, दोनदा, चारदा. नंतर प्रोग्राम लिहायचा एडिटर, व्हीएस कोड, तोच काढून टाकला आणि परत घातला. शेवटी वडिलांना, म्हणजे माझ्या भावाला म्हणाली, “मला आत्याकडे सोडा.” आली तेव्हा डोळे सुजलेले होते. दारातच म्हणाली, “मला हे जमत नाही गं. माझंच काहीतरी बेसिक चुकतंय.”

मी तिला दोन ओळींचा नवा प्रोग्राम लिहायला लावला. पहिली ओळ ‘इम्पोर्ट सिस’, दुसऱ्या ओळीत ‘सिस डॉट एक्झिक्युटेबल’ छापायचं. या दोन ओळी एकच विचारतात: बाबा रे, हे वाचणारा तू नेमका कोण, आणि कुठे राहतोस? उत्तरात एक लांबलचक पत्ता आला. मग खालच्या टर्मिनलमध्ये, म्हणजे हुकूम टाइप करायच्या खिडकीत, पिपला, म्हणजे पायथनसाठी सामान आणणाऱ्याला, त्याची आवृत्ती विचारायला सांगितली. तो आकड्यासोबत आपला पत्ताही सांगतो. तो पत्ता वेगळाच निघाला. दोन्ही पत्ते मी तिच्या वहीत एकाखाली एक लिहिले आणि पेन्सिलीने पहिला फरक पडतो तिथे खूण केली. ती बघतच राहिली. तिच्या मशीनमध्ये पायथन वाचणारे एकाहून जास्त होते. पांडाज एका पायथनकडे पोचलं होतं आणि तिचा प्रोग्राम वाचत होता दुसराच पायथन. व्हीएस कोडच्या पडद्यावर अगदी खाली, उजव्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात एक आकडा असतो, तीन-पॉइंट-काहीतरी. त्यावर क्लिक केलं की वर यादी उघडते: ‘सिलेक्ट इंटरप्रिटर’, म्हणजे प्रोग्राम वाचून चालवणारा निवडा. तिच्या यादीत तीन नावं होती. आम्ही योग्य नाव निवडलं, प्रोग्राम चालवला, आणि कांद्याच्या भावाच्या पहिल्या पाच ओळी पडद्यावर आल्या. सगळं मिळून चार-पाच मिनिटांचं काम. तिने लिहिलेलं एक अक्षरही आम्ही बदललं नव्हतं.

आणि तेव्हा तिने ते विचारलं. आनंदाने विचारलं असतं तर मी विसरूनही गेले असते. पण तिच्या आवाजात दोन दिवसांचा शीण होता, आणि थोडा रागही. “चारदा लिहिलं मी ते, आत्या. चारही वेळा बरोबरच होतं?”

होतं. चारही वेळा.

तीन पायथन तिच्या मशीनमध्ये आले कसे, ते शोधायला आम्ही नंतर बसलो. आले ते सगळ्यांकडे येतात तसेच. आधी तिने टर्मिनलमध्ये नुसतं ‘पायथन’ टाइप केलं होतं. विंडोजमध्ये पायथन नसेल तर हा शब्द टाइप केला की मायक्रोसॉफ्टचं स्टोअर उघडतं. तिने तिथलं बटण दाबलं, एक आला. मग एका मैत्रिणीने सांगितलं, खरा पायथन त्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घ्यायचा. तो घेतला. घेताना पहिल्याच खिडकीत सगळ्यात खाली एक चौकोन असतो, पायथनचा पत्ता ‘पाथ’मध्ये, म्हणजे मशीन प्रोग्राम शोधतं त्या जागांच्या यादीत, घालायचा का असं विचारणारा. तो कोरा असतो, आणि त्याच्या वरचंच ‘इन्स्टॉल नाऊ’ इतकं मोठं असतं की हात तिकडेच जातो. तो चौकोन कोराच राहिला. मग कॉलेजच्या कागदावर ‘अॅनाकोंडा’ लिहिलेलं दिसलं, म्हणजे पुष्कळ सामानासकट येणारा पायथन, म्हणून तेही घातलं. तिघेही आपापल्या जागी शहाणे, तिघांनाही तीच भाषा येते, पण एकाला दिलेला निरोप दुसऱ्याला कळत नाही. गंमत अशी की अॅनाकोंडाच्या सामानात पांडाज आधीपासून भरलेलंच असतं. तिला ते वेगळं आणायची गरजही नव्हती. मी तिला म्हटलं, आपल्या घरी कसं, माझ्या ओट्यावर एक मिसळणाचा डबा आहे आणि तुझ्या आईच्या ओट्यावर दुसरा. हळद आणलीस, पण ती तिच्या डब्यात भरलीस. आता माझ्या ओट्याशी उभी राहून वरण करतेस आणि हळदीची वाटी रिकामी दिसली की म्हणतेस, मला स्वयंपाक येत नाही.

ती हसली. मग गप्प झाली.

पुढच्या वेळी हा घोळ नको म्हणून त्याच रात्री आम्ही तिच्या प्रोजेक्टच्या फोल्डरला त्याचं स्वतःचं वातावरण करून दिलं, ज्याला ही मुलं व्हीएन्व्ही म्हणतात. प्रत्येक कामाचा डबा वेगळा, म्हणजे कांद्याचा प्रोजेक्ट उद्याच्या दुसऱ्या कशात मिसळणार नाही. २०१२ साली आलेल्या पायथन ३.३ पासून ही सोय पायथनच्या अंगातच आहे. तिने हेही एकदा करून पाहिलं होतं, पण वातावरण सुरू करायला गेली तर पॉवरशेलने, म्हणजे विंडोजच्या टर्मिनलमधल्या हुकूम ऐकणाऱ्याने, लाल अक्षरात ‘या सिस्टिमवर स्क्रिप्ट चालवायला बंदी आहे’ अशा अर्थाचं काहीतरी बजावलं, आणि ती घाबरून मागे फिरली. तिला वाटलं आपण काहीतरी धोकादायक करतोय, लॅपटॉप बिघडेल. खरं तर तो विंडोजचा नेहमीचा कुलूपबंद दरवाजा आहे. आपल्या खात्यापुरती परवानगी एका ओळीत देता येते. दिली. आणि शेवटचा बारकावा, जो मी स्वतः कितीदा तरी विसरले आहे: इंटरप्रिटर बदलला तरी आधीपासून उघडं असलेलं टर्मिनल जुन्याच वातावरणात बसून राहतं. ते बंद करून नवं उघडायचं, मग ओळीच्या सुरुवातीला कंसात त्या वातावरणाचं नाव दिसतं. ते दिसलं आणि तिने खुर्चीत पाठ टेकली. दोन दिवसांत पहिल्यांदा टेकली असावी.

मी पहिला इंटरप्रिटर पाहिला तो १९९४ मध्ये, आठवीत. शाळेची कॉम्प्युटरची खोली म्हणजे देवघरच. चपला बाहेर, पाय पुसून आत, मशीनवर शिवून घेतलेली निळी कापडं, आणि सबंध शाळेत एसी फक्त तिथे. एका मशीनपुढे तिघी. आम्हाला जीडब्ल्यू-बेसिक ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवायचे. ते सुरू केलं की काळ्या पडद्यावर दोनच अक्षरं उमटायची, ‘ओके’, आणि खाली लुकलुकणारी रेघ. मला त्या ‘ओके’चं फार अप्रूप होतं. घरात, शाळेत, कुठेही इतक्या शांतपणे कोणी ‘बोल, ऐकतोय’ म्हणत नव्हतं. दहा, वीस, तीस असे ओळींना आकडे द्यायचे, मध्ये विसरलेली ओळ पंधरा म्हणून घालायची, ‘रन’ म्हणायचं. चुकलं तर ‘सिंटॅक्स एरर इन २०’ एवढंच सांगून तो पुन्हा ‘ओके’ म्हणायचा. तिथे निवड करायचा प्रश्नच नव्हता. लिहायची जागा आणि वाचणारा एकच, एकाच काळ्या पडद्यात. त्यामुळे न चाललेली प्रत्येक गोष्ट ही आपलीच चूक, हा हिशोब तेव्हा बराचसा खरा होता. आता लिहायची खिडकी निराळी आणि वाचणारे अनेक, पण तो जुना हिशोब आपल्या मनातून गेलेला नाही. माझ्या भाचीने जीडब्ल्यू-बेसिक पाहिलेलंही नाही; तिच्याही मनात तो आहेच. तो कुठून आला असेल, याचा विचार मी गेले काही दिवस करते आहे.

इंटरप्रिटरला आपल्याकडे साधा, जुना शब्द आहे: दुभाषी. भाचीला तो माहीत नव्हता. तिला मी म्हटलं, रामकुंडावर जाऊन उभी राहा, दहा मिनिटांत कळेल. आपण नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो आणि कुंडाकडे जाण्याला ‘गंगेवर जाणं’. तिथले उपाध्ये गाडीतून उतरणाऱ्या माणसांचं पहिलं वाक्य ऐकतात आणि दुसऱ्या वाक्याला त्यांच्या भाषेत असतात. गुजराती, हिंदी, कानडी. मंत्र तोच, पण ‘पाणी ओंजळीत घ्या, उजव्या हाताने सोडा’ हे ज्याचं त्याला कळेल अशा बोलीत. लहानपणी मी हे बघत दुतोंड्या मारुतीपाशी तासन्‌तास बसायचे. पूर आला की पाणी त्या मारुतीच्या कुठवर चढलं यावरून सगळं नाशिक पुराचा अंदाज घेतं. मारुतीवरून आठवलं. वाल्मीकींच्या सुंदरकांडात एक जागा आहे, जी मला सगळ्या रामायणात सगळ्यात जवळची वाटते. हनुमान अशोकवनात झाडावर बसलाय. समुद्र ओलांडून झालाय, सीता समोर दिसते आहे. आणि तो अडतो तो भाषेपाशी. विचार करतो, मी विद्वान द्विजासारखी संस्कृत वाणी बोललो तर हिला वाटेल हा रावणच आहे, ही घाबरेल. म्हणून माणसांच्या साध्या बोलण्यात बोलायचं ठरवतो. निरोप खरा आहे, आणणारा खरा आहे, तरी तो चुकीच्या वाणीतून गेला तर ऐकणारीला राक्षसच ऐकू येणार, हे त्याला कळत होतं. पंचवटीत वाढलेल्या माणसाला हे वाचताना काय होतं ते सांगणं कठीण आहे.

आता आजीचं सांगते. इतके दिवस कोणाला सांगितलं नव्हतं.

आजी बागलाणातली. सटाण्याच्या पुढे आमचं गाव, घरात सगळे अहिराणी बोलायचे. आम्ही नाशिकला आलो तेव्हा मी पहिलीत होते. शाळेच्या पहिल्याच आठवड्यात मी बाईंना म्हटलं, “माले पानी पेवानं शे,” आणि अख्खा वर्ग हसला. बाईसुद्धा थोड्या हसल्या. वाईट मनाने नाही, पण हसल्या. त्या दिवसापासून मी घराच्या उंबऱ्याबाहेर अहिराणी बोलले नाही. आई-वडिलांनीही हळूहळू सोडली. राहिली फक्त आजी. ती सटाण्याच्या एसटीने यायची, पिशवीत शेंगदाणे आणि बाजरी, अंगाला तंबाखूचा वास, आणि आल्या आल्या गंगेवर न्या म्हणून हट्ट. १९९१ च्या पावसाळ्यात ती आली आणि आजारी पडली. तिसऱ्या दिवशी वडील तिला डॉक्टरांकडे घेऊन गेले. घरात तान्हं बाळ होतं, आईला निघता येईना, म्हणून आजीचा हात धरायला मी. दहा वर्षांची. वडील केसपेपरच्या रांगेत थांबले आणि आमचा नंबर आधी लागला. आत आम्ही दोघीच.

डॉक्टर तरुण होते, बाहेरून आलेले, बोलणं अगदी पुस्तकातलं. त्यांनी विचारलं, काय होतंय आजी? आजी म्हणाली, “बठ्ठं आंग दुखी ऱ्हायनं.” बठ्ठं म्हणजे सगळं. सगळं अंग दुखतंय. डॉक्टरांनी मान हलवली आणि म्हणाले, “असं होय, बसल्यावर दुखतं.” त्यांना बठ्ठंमध्ये बसणं ऐकू आलं. आजीला त्यांचं कळलं नाही, पण डॉक्टरांना नाही कसं म्हणायचं, म्हणून तीही “हां हां” म्हणाली. त्यांनी तिला उठून बसायला लावलं, पाठीचे मणके दाबून पाहिले, खाली बसू नका, खुर्ची वापरा, हे मलम लावा, असं सांगत कागदावर लिहीत गेले. त्या टेबलाची काच मला आठवते. तिच्याखाली औषध कंपनीचं कॅलेंडर होतं आणि एका कोपऱ्याला तडा. मी त्या तड्याकडे बघत होते. मला दोन्ही भाषा येत होत्या. त्या खोलीत दोन्ही येणारी मी एकटीच होते. एक शब्द बोलायचा होता, ‘सगळं’. तो बोलले असते तर डॉक्टरांना कळलं असतं की मला अहिराणी येते, आणि शाळेतलं ते हसू माझ्या कानात चार वर्षांनीही तसंच होतं. मी नाही बोलले. बाहेर आल्यावर आजीने मला विचारलं, “डॉक्टर काय सांगस?” मी मराठीत म्हटलं, “मलम दिलंय.”

हिवताप होता. दोन दिवसांनी थंडी वाजून अंग इतकं उडायला लागलं की आईने शेजारणीकडे बाळ टाकून तिला दुसरीकडे नेलं, रक्त तपासलं, गोळ्या सुरू झाल्या. आजी बरी झाली, पुढे पुष्कळ वर्षं जगली. म्हणजे तसं काही बिघडलं नाही. पण त्या दोन दिवसांत ती खाली बसायची सोडून प्लास्टिकच्या खुर्चीत अवघडून बसायची, कारण डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि तापात आईला म्हणायची की मला नीट सांगता आलं नसंल, मना तोंडनंच चुकनं. माझ्याच तोंडाचं चुकलं. तिने तर अगदी बरोबर सांगितलं होतं. एका वाक्यात, नेमकं. माझ्या मनात डॉक्टरांबद्दल राग नाही. त्यांनी जे ऐकलं त्यावर प्रामाणिकपणे उपचार केले. पण आजी जाईपर्यंत मी तिला सांगू शकले नाही की तुझं काही चुकलं नव्हतं, मला कळलं होतं. कितीदा तरी जिभेवर आलं. ती अंगणात शेंगा फोडत बसलेली असायची, मी शेजारी बसायचे, आणि उठून जायचे.

भाचीच्या त्या प्रश्नाने म्हणून मला रात्री झोप लागली नाही. दोन दिवस ती पोरगी आपलं बरोबर लिहिलेलं पुसत होती. तिच्या कॉलेजात याच आठवड्यात किती मुलं असं पुसत बसली असतील? त्यातली काही ‘कोडिंग आपल्यासाठी नाही’ म्हणून बाजूला झाली असतील, आणि त्यांना कोणी खालचा उजवा कोपरा दाखवलाच नसेल. जी मुलं कळवण-सुरगाण्याकडून येतात, ज्यांच्या घरात पहिला लॅपटॉप उधारीवर आलाय, ती तर मशीनला दोष देणारच नाहीत. आधी स्वतःलाच देतील. शिकवणारे पहिल्या तासाला लूप शिकवतात, लिस्ट शिकवतात. माझ्या हातात असतं तर पहिला तास मी फक्त एवढ्यावर घेतला असता: तुमचं लिहिलेलं कोण वाचतंय ते कसं बघायचं. पत्ता कसा विचारायचा. पाथ म्हणजे काय, त्यात ज्याचं नाव आधी त्याला हाक आधी कशी जाते. ‘पिप’ एकटा न वापरता ‘पायथन डॅश एम पिप’ का म्हणायचं, म्हणजे वाचणारा आणि सामान आणणारा एकच राहतो. हे सगळं एका तासात मावतं. परीक्षेत याला मार्क नसतात म्हणून ते राहून जातं.

सकाळी पाऊस उघडला होता. भाची चहा घेऊन परत त्याच टेबलाशी बसली, आलेख काढायला. तिला मी म्हटलं, तुला एक गंमत दाखवते. पायथन २ मध्ये प्रोग्रामात देवनागरी अक्षर लिहिलं आणि वर वेगळी सूचना दिली नाही, तर तो पहिल्या अक्षरालाच अडायचा, एरर द्यायचा. २००८ च्या डिसेंबरात पायथन ३ आला आणि त्याला देवनागरी थेट कळायला लागली. नुसती अवतरणातलीच नाही, तर व्हेरिएबलचं, म्हणजे आकडा किंवा शब्द साठवायच्या डब्याचं, नावसुद्धा देवनागरीत ठेवता येतं. तिचा विश्वास बसेना. मी म्हटलं, लिही. तिने ‘भाव’ लिहिलं, बरोबरचं चिन्ह, आणि एक आकडा. चाललं. तिने टाळी वाजवली आणि म्हणाली, अजून सांग. मी म्हटलं, लिही, बठ्ठं.

“म्हणजे?”

तिला सांगितलं. पणजीचा शब्द, अहिराणीतला, म्हणजे सगळं. मग बाकीचंही सांगितलं. ती खोली, काचेचा तडा, मलम. ती की-बोर्डवर हात तसेच ठेवून ऐकत होती. मध्ये एकदाच म्हणाली, “तू दहा वर्षांची होतीस ना पण.” मी काही बोलले नाही. मग तिने ते नाव टाइप केलं, कंसात आंग, डोकं, पाय, पाठ असे शब्द भरले आणि प्रोग्राम चालवला. टर्मिनलमध्ये अक्षरं उमटली; मात्रा आणि अनुस्वार जरा इकडेतिकडे सरकलेले, पण वाचता येत होती. कुठेही लाल अक्षर नव्हतं.

“ते पूर्ण वाक्य काय होतं?” तिने विचारलं. “पणजी म्हणाली ते.”

घरात आम्ही दोघीच होतो. मी म्हटलं, “बठ्ठं आंग दुखी ऱ्हायनं.” आवाज मला स्वतःलाच अनोळखी लागला, जुन्या ट्रंकेतून काढलेल्या लुगड्यासारखा, घडीच्या रेघा पडलेला.

“परत म्हण,” ती म्हणाली, आणि वहीत लिहायला पेन्सिल घेतली.

मी परत म्हटलं, सावकाश.